तिऱ्हाइतासाठी मैत्री

आमच्या घरात बुद्ध गॅस फायरच्या वर राहायचे. मँटलपीसवर हातभर उंचीची प्लास्टरची मूर्ती, तिच्या शेजारी निळ्या कोटातल्या साहेबांचा फोटो, आणि दोघांच्या मध्ये मेणबत्ती आणि उदबत्तीचं घर. ती मूर्ती आईनं नागपूरहून मांडीवर घेऊन आणली होती. विमानातल्या बाईनं ती वरच्या कप्प्यात ठेवायला मागितली तेव्हा आईनं नुसती मान हलवली आणि स्वतःचा जेवणाचा ट्रे बाबांच्या ट्रेवर चढवून दिला, असं बाबा सांगायचे. माझा जन्म बर्मिंगहॅमचा, त्यामुळे हे सगळं ऐकीव. मला स्वतःला आठवते ती रविवारची सकाळ. आई पांढरी साडी नेसून वर करडा कार्डिगन चढवायची, बाबा स्टुलावर उभे राहून स्मोक अलार्मची बॅटरी काढायचे, कारण उदबत्तीच्या धुरानं तो बोंबलायचा, आणि मी कुरकुरत ओल्या केसांनी खाली यायचे. वंदनेनंतर खीर. आठवडाभर हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये उभं राहून आईचे पाय भरून आलेले असायचे, म्हणून खीर कित्येकदा डब्यातल्या राइस पुडिंगचीच असायची. त्यात वेलची आणि चारोळी घातली की बाबा ती घरची समजून खायचे. खरंच समजून खायचे की समजलंय हे दाखवायचे नाहीत, ते मला अजून कळलेलं नाही.

आईचा आवाज मोठा होता. नागपूरला त्यांच्या वस्तीतल्या विहारात लाउडस्पीकर बंद पडला की लोक 'प्रमिलाला पुढे बसवा' म्हणायचे आणि शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनाही ऐकू जायचं. इथं आमचं घर सेमी-डिटॅच्ड, मधली भिंत पातळ, आणि पलीकडच्या गृहस्थांना रविवारी सकाळी कुठलाच आवाज खपायचा नाही. आई त्रिसरणाला जरा चढली की भिंतीवर ठकठक व्हायची. मग ती आवाज खाली आणायची, उरलेलं ओठांतल्या ओठांत म्हणायची, आणि सगळं झालं की स्वयंपाकघरात जाऊन भांडी आदळायची. भांडी आदळल्याबद्दल भिंतीवर कधी कोणी वाजवलं नाही. "या देशात आल्यापासून मी पोटातून एकदाही वंदना म्हटली नाही," ती म्हणायची. बाबा म्हणायचे, "मनातल्या मनात म्हटली तरी पोचते." "तुमची पोचत असेल," आई म्हणायची, आणि तो विषय पुढच्या रविवारपर्यंत मिटायचा.

बाबा एका कारखान्यात फिटर होते आणि जगात सगळं शेवटी नीट जुळतं असा त्यांचा पक्का समज होता. एका शनिवारी ते लायब्ररीतून धावतपळत आले. आमच्या भागातल्या काही इंग्रज मंडळींनी कौन्सिलची बंद पडलेली एक जुनी इमारत घेऊन तिथं ध्यानकेंद्र काढलं होतं आणि त्याची जाहिरात बाबांना बोर्डावर दिसली होती. बाबा तसेच तिथं जाऊन सगळं बघून आले होते. "अगं, मूर्ती बघायला पाहिजे तू. माणसाएवढी. खाली लाकडी फ्लोअर, छत हे एवढं उंच, आणि दोन्ही बाजूंना नुसतं कार पार्क. शेजारी एकही घर नाही." हे शेवटचं वाक्य त्यांनी मुद्दाम सावकाश म्हटलं. बुद्धपौर्णिमेला आमच्या ओळखीची सगळी घरं, कव्हेंट्रीची, ब्रॅकनेलची, आमच्या फ्रंट रूममध्ये कोंबली जायची, मुलं जिन्यावर बसायची. बाबांनी तिथल्या माणसाला, रॉजरला, विचारूनही टाकलं होतं की यंदाची पौर्णिमा आपण सगळे मिळून इथं करू या का. रॉजर आनंदानं हो म्हणाला होता.

"फक्त एक आहे," बाबा म्हणाले. ते 'फक्त एक आहे' म्हणाले की आई हातातलं काम थांबवायची.

"काय?"

"तिथं पुढे बसून जो म्हणेल त्यानं आधी त्यांचा इंट्रोडक्शनचा कोर्स केलेला पाहिजे. रूल आहे त्यांचा. सगळ्यांना सेम."

"कशाचं इंट्रोडक्शन?"

"बुद्धिझमचं."

आईनं मँटलपीसकडे बघितलं, मग बाबांकडे. "माझी ओळख करून देणार? बुद्धाशी?"

"सहा मंगळवारांचा तर आहे."

"आणि तुम्ही हो म्हणून आले."

"तू हॉल तर बघ आधी," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन हॉल बघायला गेली, तोंड फुगवूनच. रॉजर काहीतरी माहिती सांगत होता, तिचं लक्ष नव्हतं. ती मूर्तीसमोर गेली, तीनदा वाकली, मग मधोमध उभी राहून तिनं छताकडे बघितलं आणि एक टाळी वाजवली. टाळी वर जाऊन फिरून परत आली. रॉजर दचकला. आईनं मला विचारलं, "कोर्स कधीपासून आहे?"

आता माझं दुखणं सांगते. कोर्स आईचा आणि मंगळवार गेले माझे. "ऐकायचं इंग्रजी माझं पुरतं, बोलायचं पुरत नाही, तू सोबत पाहिजे," असं आईनं जाहीर केलं. मी म्हटलं, "मंगळवारी माझा प्रॅक्टिस असतो." नेटबॉलच्या टीममध्ये मी नुकतीच घुसले होते. "माझी प्रॅक्टिस असते," आई म्हणाली, "आणि मंगळवारी नसते." तिच्याशी वाद घालताना लिंगवचनातच माझा पराभव व्हायचा. आज मी हे बऱ्यापैकी मराठीत लिहिते आहे, पण ते पुष्कळ उशिरा आणि चिकाटीनं कमावलेलं मराठी आहे. तेव्हा मी वाक्य सुरू करायचे आणि आई ते दुरुस्त करायची, तोपर्यंत मला काय म्हणायचं होतं तेच विसरलेलं असायचं. त्या वयात मी सतत चिडलेली असायचे आणि आता मागे वळून बघताना मला वाटतं, मला चिडायला भरपूर कारणं होती.

पहिल्या मंगळवारी आम्ही गोल मांडलेल्या उशांवर बसलो. दुधाशिवायचा कुठल्याशा पाल्याचा चहा मिळाला. आईनं एक घोट घेऊन कप उशीमागे लपवला. रॉजर निवृत्त शिक्षक होता, दाढीवाला, मोजे घातलेला, आणि इतकं हळू बोलणारा की सगळे पुढे वाकूनच ऐकायचे. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर किती सोपं झालं असतं. त्यानं प्रत्येकाला विचारलं, तुम्ही इथं कशासाठी आलात? कोणी म्हणालं, स्ट्रेससाठी. कोणी म्हणालं, घटस्फोट झाला. आईची पाळी आली. मी तोंड उघडायच्या आत तिनंच उत्तर दिलं, "फॉर हॉल."

रॉजरनं डोळे मिटले. "फॉर ऑल," तो म्हणाला. "सगळ्या जीवांसाठी. ब्यूटिफुल."

आई खूश झाली. तिला वाटलं, सरळ बोलल्याचं इथं चीज होतं. मी काही दुरुस्त केलं नाही.

आमच्या शेजारच्या उशीवर पेनी नावाची बाई होती, आईच्याच वयाची, गळ्यात लाकडी मण्यांची माळ. आईनं मला कोपर मारलं. "ही आमच्या कँटीनला येते. रोज. भाजलेला बटाटा, चीज घालून." मग ती पेनीकडे बघून ओळखीचं हसली. पेनीसुद्धा हसली आणि साडी किती सुंदर आहे असं म्हणाली. बस्स. आईला कँटीनमध्ये केसांची जाळी, निळा एप्रन आणि पँट घालावी लागायची, त्यामुळे लगेच लक्षात येणार नाही हे मलाही पटलं. "ओळखेल," आई म्हणाली. "थोडा वेळ लागेल."

मग दुःखावर चर्चा झाली. रॉजर म्हणाला, या शब्दाला इंग्रजीत नेमका शब्द नाही, सफरिंग म्हटलं तर फार मोठं होतं. प्रत्येकानं आपलं एकेक उदाहरण द्यावं. एकाची न्यू स्ट्रीट स्टेशनची ट्रेन त्या सकाळी रद्द झाली होती. एका जोडप्याचं किचन एक्स्टेन्शन बिल्डरनं अर्धवट सोडलं होतं. मी कानात भाषांतर करत होते आणि आई माझ्याकडे अशी बघत होती की जणू मीच मधल्यामध्ये काहीतरी गाळते आहे. "हे दुःख?" तिनं विचारलं. "असं ते म्हणतात," मी म्हटलं. तिची पाळी आल्यावर ती थोडा विचार करून म्हणाली, "फीट." दिवसभर उभं राहून पाय दुखतात हे तिला सांगायचं होतं. रॉजरनं उठून तिला मांडीखाली घ्यायला आणखी एक उशी आणून दिली.

हे असं दोन मंगळवार चाललं. आई तक्रार करायची, बसमध्ये रॉजरची नक्कल करून मला हसवायची, पण जायची. घरी निघताना दर वेळी ती शूज घालायच्या आधी हॉलमध्ये एकदा डोकावून यायची. कुठं बसायचं, मेणबत्त्या कुठं लावायच्या, मुलांना कुठल्या बाजूला ठेवायचं, हे तिचं ठरत आलं होतं.

तिसऱ्या मंगळवारी मेत्ता आली. रॉजर म्हणाला की आज आपण मैत्रीभावना शिकणार आहोत आणि ती टप्प्याटप्प्यानं करायची असते. पहिल्यांदा स्वतःसाठी. मी आईच्या कानात सांगितलं. "स्वतःशीच मैत्री? एकटी पडलेली माणसं करतात ते," ती कुजबुजली. दुसरी, जवळच्या मैत्रिणीसाठी. ते ठीक होतं. तिसरी, न्यूट्रल पर्सनसाठी. इथं मी अडकले. माझ्या तुटपुंज्या मराठीत मी शोधत राहिले आणि बाबा वापरायचे तो एक शब्द सापडला. "तिऱ्हाईत माणसासाठी," मी म्हटलं. "म्हणजे जो आपल्याला आवडत पण नाही आणि नावडत पण नाही. रोज दिसतो फक्त." चौथी, ज्याच्याशी पटत नाही अशासाठी. त्यावर आई लगेच म्हणाली, "ते सोपं आहे, तुझी आत्या."

मिल्टन कीन्सच्या माझ्या ऑफिसात आता बुधवारी दुपारी वेलबीइंगचा अर्धा तास असतो. सगळ्यांनी कानात इअरफोन घालून ॲपमधल्या बाईचं ऐकायचं. ती मधाळ आवाजात 'नाउ ब्रिंग टु माइंड अ न्यूट्रल पर्सन' म्हणते तेव्हा मी इअरफोन काढते आणि चहा करायला जाते. माझ्या मॅनेजरनं एकदा काळजीनं विचारलं, मेडिटेशन तुला ट्रिगर करतं का? मी म्हटलं, मेडिटेशन नाही.

तर त्या दिवशी घंटा वाजली, सगळ्यांनी डोळे मिटले, पुन्हा घंटा वाजली, सगळ्यांनी उघडले. कोणी कोणाला न्यूट्रल म्हणून घेतलं ते सांगायचं होतं. एकानं पोस्टमन. एकानं समोरच्या घरातला माणूस. पेनी म्हणाली, "मी आमच्या कामावरच्या कँटीनमधली टिलवरची, पैसे घेणारी बाई घेतली. वर्षानुवर्षं रोज दिसते मला ती. आणि मी विचार करत होते तर मला तिच्याबद्दल एकही गोष्ट सांगता येईना. चेहरासुद्धा धड आठवेना." रॉजर म्हणाला, "परफेक्ट. या आठवड्यात तुम्हाला त्या व्यक्ती भेटतील तेव्हा मनातल्या मनात त्यांचं भलं व्हावं असं म्हणा. हाच होमवर्क."

मी आईकडे बघितलं. हे भाषांतर करायची गरज नव्हती. तिनं पदर खांद्यावरून पुढे घेतला. बसमध्ये मी म्हटलं, "दुसरी कोणी असेल." आई म्हणाली, "टिलवर मीच असते."

तो आठवडा आमच्या स्वयंपाकघरात पेनीशिवाय दुसरं काही शिजलं नाही. आई कांदा चिरता चिरता रोजचा अहवाल द्यायची. "आज हसली माझ्याकडे बघून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा." दुसऱ्या दिवशी, "आज बटाट्याचा ट्रे घेऊन टिलसमोर उभी राहिली आणि बघतच राहिली. मला वाटलं, ओळखलं. तर तिनं डोळे मिटले. मागे लाइन लागलेली. मग डोळे उघडून थँक्यू म्हणाली आणि गेली."

"चांगलंच आहे ना," बाबा म्हणाले. "तुझ्यासाठी मैत्री करून राहिली ती."

"माझ्यासाठी?" आईनं सुरी खाली ठेवली. "अहो, ती होमवर्क करून राहिली. माझ्यावर."

बाबांनी पेपर वर धरला. मला तेव्हा सगळ्यांचाच राग आला होता. पेनीचा तर होताच. पण आईचाही, की ती टिलमागून 'मी मंगळवारी तुमच्या शेजारी बसते' एवढं एक वाक्य का म्हणत नाही? मी तसं तिला विचारलं. ती म्हणाली, "मी तिला दोन्हीकडे ओळखते. मग तिनं एकीकडे तरी ओळखायला नको?" नेटबॉलच्या टीममधून माझं नाव गेल्याचं त्याच दिवशी कळलं होतं, त्यामुळे मी जिना दणादणा वाजवत वर गेले.

चौथ्या मंगळवारी रॉजरनं विचारलं, होमवर्क कसा झाला? पेनीनं सगळ्यांत आधी हात वर केला. तिचे डोळे खरंच पाणावले होते. म्हणाली, "मी रोज तिच्यासाठी मेत्ता केली. आणि काहीतरी मोकळं झालं. आता ती मला इतकी जवळची वाटते. आय फील आय नो हर."

"व्हॉट नेम?" आईनं विचारलं.

गोलातले सगळे आमच्याकडे वळले. पेनी गोड हसली. "नाव नाही माहीत मला. तेच तर विशेष आहे ना, की त्याची गरजच पडत नाही." रॉजरनं मान डोलावली.

"पॅम," आई म्हणाली. "इट इज हिअर." आणि तिनं कार्डिगनवर डाव्या बाजूला, जिथं कामावर नावाचा बिल्ला लावायची तिथं बोट ठेवलं.

"ओह, तुम्ही ओळखता तिला?"

आईनं दोन्ही तळहात डोक्यावर ठेवून केस मागे चापून धरले, जाळी घातल्यावर बसतात तसे, आणि पेनीसमोर चेहरा धरला. पेनीच्या गळ्यापासून लाली वर चढत गेली. तिनं तोंडावर हात ठेवला. मग ती सॉरी म्हणायला लागली आणि थांबेचना. इतक्या सॉरी आल्या की आईलाच तिच्या गुडघ्यावर थोपटावं लागलं. हे मला सगळ्यांत जास्त झोंबलं. एवढं होऊन समजूत घालायचं कामही हिच्याचकडे आलं.

पण तिथंच मिटलं असतं. रॉजरनं मिटू दिलं नाही. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "थँक्यू, पॅम. आपल्या सगळ्यांना तुम्ही आज केवढी मोठी शिकवण दिलीत. व्हॉट अ गिफ्ट. आत्ता तुम्हाला काय वाटतंय, ते आमच्याशी शेअर कराल?"

"काय वाटतंय विचारतो," मी म्हटलं.

"राग आला," आई म्हणाली.

"शी इज अँग्री."

"गुड," रॉजर म्हणाला. "राग शरीरात कुठं आहे ते फक्त बघा. त्याला धरून ठेवू नका. सोडून द्या."

मी हे आईला सांगितलं. ती मराठीतच म्हणाली, "सोडू कशाला? माझा आहे."

मी भाषांतर केलं. "शी सेज, व्हाय शुड शी? इट्स हर्स." कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. 'मला माहीत नाही' असं रॉजर म्हणाला असता तरी मला तो आवडला असता. तो म्हणाला, "लेट्स सिट विथ दॅट," आणि त्यानं घंटा वाजवली. सगळ्यांनी डोळे मिटले. आई उठली, मीही उठले, दारात बसून आम्ही शूज घातले. आम्ही निघालो ते कोणीच बघितलं नाही.

बस स्टॉपवर मी फुटलेच. "पॅम कशाला सांगितलंस? तो तुझा नाव पण नाही." कँटीनच्या सुपरवायझरला प्रमिला म्हणायला लांब वाटायचं म्हणून त्यानं बिल्ल्यावर तेवढंच छापून घेतलं होतं.

"तुझं नाव," आई म्हणाली.

"तुझं नाव पण नाही. प्रमिला म्हणायचं ना."

"तिऱ्हाइताला?" आई म्हणाली. "कशाला सांगू?"

घरी बाबा जेवण गरम करून वाट बघत होते. सगळं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "दोनच मंगळवार राहिले होते. तेवढं निभावून न्यायचं होतं."

"तुम्ही निभावा. तुम्ही कोर्स करा आणि तुम्ही पुढे बसा."

बाबा सुरात म्हणत नाहीत हे तिघांनाही माहीत होतं. "मी सगळ्यांना फोन करून बसलोय," ते म्हणाले. "कव्हेंट्रीवाले नातेवाईक आणणार आहेत इंडियाहून आलेले. आता काय सांगू त्यांना?"

"सांगा, नेहमीसारखं घरीच आहे. हळू आवाजात."

रविवारी आईनं वंदना म्हटली ती इतकी खालच्या आवाजात की मला ओठ बघून साथ द्यावी लागली. पलीकडच्या गृहस्थांनी तरीही ठकठक केलीच, सवयीनं असेल. बाबा बॅटरी परत घालायला स्टुलावर चढले आणि मला एकदम कळलं की हॉल गेला याचं सगळ्यांत जास्त वाईट त्यांना वाटतंय. तो आवाज ऐकून त्यांनी लग्नाला होकार दिला होता.

मागच्या महिन्यात मी हे इथपर्यंत आईला वाचून दाखवलं. ती आता माझ्याकडेच राहते, ऐंशीला टेकली आहे. म्हणाली, "मी काही इतकी चिडले नव्हते." मी म्हटलं, "चिडली होतीस." ती म्हणाली, "चिडले होते, पण इतकी नाही," आणि मग जेवताना तिनं रॉजरचा आवाज काढून मला भाजी वाढली.

पौर्णिमेच्या आठवडाभर आधी रॉजरचा फोन आला. मीच उचलला. आईला कोर्स पूर्ण करायची गरज नाही, तो म्हणाला, पेनीला फार वाईट वाटलंय, आणि तुझ्या आईनं पुढे बसावं अशी आमची सगळ्यांची इच्छा आहे. तिच्या कल्चरमधलं चँटिंग ऐकायला आम्हाला खूप आवडेल. मी 'कल्चर' गाळून निरोप दिला. बाबांचा चेहरा असा उजळला की बघवेना. आईनं मात्र पहिल्यांदा विचारलं, "म्हणजे ती रडली म्हणून माझा कोर्स माफ?" दुसऱ्या दिवशी ती पांढऱ्या साडीला इस्त्री करताना दिसली. "हॉलसाठी जाते मी," ती साडीकडे बघत म्हणाली. "कोणाला काही वाटायला नको."

पौर्णिमेला खरी खीर झाली, दुधाची, मोठ्या पातेल्यात. कारमध्ये ते पातेलं माझ्या पायांत होतं आणि प्रत्येक राउंडअबाउटला बाबा 'सांभाळ' म्हणत होते. हॉल भरला. एका बाजूला आमची माणसं पांढऱ्या कपड्यांत, मुलं लाकडी फ्लोअरवरून मोज्यांनी घसरत होती. दुसऱ्या बाजूला इंग्रज मंडळी उशांवर, पाठी ताठ. पेनी पहिल्या रांगेत होती. आईला बघून उठली, दोन्ही हात धरले आणि मोठ्या आवाजात म्हणाली, "हॅलो, पॅम." बिल्ला वाचून आली होती. आई म्हणाली, "हॅलो." मी जागच्या जागी धुमसत राहिले.

आई मूर्तीसमोर बसली, अर्धी मूर्तीकडे आणि अर्धी लोकांकडे तोंड करून. तिनं श्वास घेतला आणि 'नमो तस्स' पोटातून म्हटलं. मी तो आवाज याआधी कधीच ऐकला नव्हता. वर गेला, छताला लागला, सगळीकडून परत आला. घसरणारी मुलं जागच्या जागी थांबली. बाबांनी मान खाली घातली आणि चष्मा काढला. एवढ्या वर्षांनी तो आवाज बाहेर आला होता आणि मला वाटलं, आता हा थांबणार नाही.

पहिली ओळ संपता संपता आई थांबली.

मी बघितलं. आमच्या बाजूला सगळे मूर्तीकडे, आईकडे, एकमेकांच्या पोरांकडे बघत म्हणत होते, आम्ही नेहमी म्हणतो तसे. समोरच्या बाजूला सगळ्यांचे डोळे मिटलेले. चेहरे शांत, ओठांवर जरासं हसू. पेनीचेही.

"ओपन, प्लीज," आई म्हणाली.

कोणी हललं नाही. त्यांना तो वंदनेचाच भाग वाटला असावा. बाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवून माझ्याकडे बघितलं, काहीतरी कर या अर्थानं. रॉजरनं एक डोळा उघडून अगदी हळू सांगितलं, "आम्ही आत जाण्यासाठी डोळे मिटतो."

आईनं माझ्याकडे बघितलं. "त्याला सांग, आत नंतर जा. आधी समोर बघा."

"शी सेज, गो इनसाइड लेटर," मी म्हटलं. माझा आवाज छताला लागून परत आला. "लुक इन फ्रंट फर्स्ट."

एकेक डोळा उघडला. रॉजरचा दुसराही. पेनीनं सगळ्यांत शेवटी उघडले, आणि ती उघडेपर्यंत आई तिच्याकडे बघत थांबली होती. मग तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, तेवढ्याच मोठ्यानं. दुसऱ्या ओळीला मागच्या रांगेतल्या दोघातिघांचे डोळे सवयीनं परत मिटले.

आई परत थांबली.